निळ्या उजेडाचं बटण: प्रकल्प नोंदी, फेब्रुवारी ते जुलै २०२४

१२ फेब्रुवारी २०२४, सोमवार. छत्रपती संभाजीनगर

प्लाझ्मिडं आली! (म्हणजे पेशीत घालता येणारे, हवी ती जनुकं बसवलेले डीएनएचे गोल तुकडे.) जैवसुरक्षा समितीची परवानगी, कराराचे कागद, कस्टम्स, असं सगळं मिळून तीन महिने गेले. अमेरिकेतल्या अ‍ॅडजीन या ना-नफा संस्थेकडून ही मागवता येतात. बोटाएवढ्या नळ्या, तळाशी आगार (जेलीसारखं खाद्य), त्यात टोचून वाढवलेले जिवाणू. मॅडमनी खोकं माझ्याच हातून फोडून घेतलं.

आजपासून रोज लिहिणार नाही, पण काही घडलं की त्याच दिवशी लिहायचं ठरवलंय. पहिल्या नोंदीत काम काय आहे ते मांडून ठेवते, म्हणजे पुढच्या वर्षी जे कोणी एमएस्सीचं लेकरू ही वही उघडेल त्याला विचारत फिरावं लागणार नाही.

पेशीतलं जवळजवळ प्रत्येक काम प्रथिनांच्या जोड्या जुळण्यावर चालतं. अमुक प्रथिनानं तमुकाला धरलं की जनुक चालू होतं, सोडलं की थांबतं. ही पकड आपल्या हातात आली, तर पेशीला नेमका प्रश्न विचारता येतो. औषध घालून पकड जुळवण्याच्या पद्धती आहेत, पण घातलेलं औषध पेशीतून काढून घेणं अवघड. उजेडाचं तसं नाही. बटण दाबलं की आला, सोडलं की गेला, आणि पाहिजे तेवढ्याच जागेवर पाडता येतो.

उजेड ओळखणारी प्रथिनं वनस्पतींकडे तयार आहेत. आम्ही घेतलंय क्रिप्टोक्रोम-२, म्हणजे क्राय-२. हे अराबिडॉप्सिसचं, मोहरीच्या कुळातल्या वीतभर रोपाचं. निळा उजेड पडला की क्राय-२ हे सिब-१ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला धरतं, हे होंगताओ लिउ आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवलं. दोन वर्षांनी, २०१० मध्ये, मॅथ्यू केनेडी, चंद्रा टकर आणि त्यांच्या गटानं हीच जोडी वनस्पतीबाहेर, यीस्टच्या आणि सस्तन प्राण्यांच्या पेशींत चालवून दाखवली. काही सेकंदांत पकड, अंधार केला की काही मिनिटांत सुटका.

उजेड पकडायला प्रथिनाला रंगद्रव्य लागतं. क्राय-२ चं रंगद्रव्य फ्लेव्हिन आहे आणि ते प्रत्येक जिवंत पेशीत असतंच. बाहेरून काही घालायचं नाही. आमच्यासारख्या लॅबला हे फार मोठं आहे.

१५ फेब्रुवारी

चारही प्लाझ्मिडं काढली. जेलवर पट्टे जिथे यायला हवे होते तिथेच आले.

२४ फेब्रुवारी

उजेडाचा डबा बनवला. जुन्या थर्माकोलच्या खोक्याला आतून काळा कागद, झाकणाला निळ्या एलईडींची पट्टी (४७० नॅनोमीटरच्या आसपास), आणि चालू-बंद करायला आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारं छोटं सर्किट). इलेक्ट्रॉनिक्स विभागातल्या काकांनी रिले जोडून दिला आणि बजावलं, "पट्टी अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यावर चिकटव, नाहीतर तापंल." बरोबर निघालं. थर्मामीटर आत ठेवून सलग दोन तास पट्टी चालवली तर आतलं तापमान चार अंशांनी चढलं. यीस्टला ३० अंश लागतात. उजेडाचा परिणाम म्हणून आम्ही उष्णतेचाच परिणाम मोजत बसलो असतो. अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आणि कॉम्प्युटरचा जुना पंखा बसवल्यावर फरक एका अंशाच्या आत आला.

२ मार्च

यीस्टचं ट्रान्सफॉर्मेशन, म्हणजे त्याच्या पेशींत प्लाझ्मिडं घालणं. लिथियम अ‍ॅसिटेट, पीईजी, ४२ अंशांचा धक्का. दोन प्लाझ्मिडं एकदम घालायची असल्यामुळे धास्ती होती. एकावर ट्रिप्टोफॅन बनवायचं जनुक आहे, दुसऱ्यावर ल्युसीन बनवायचं, त्यामुळे ट्रिप्टोफॅन आणि ल्युसीन दोन्ही नसलेल्या मीडियावर (खाद्यावर) जे वाढेल त्याच्यात दोन्ही प्लाझ्मिडं आहेतच.

रचना अशी. गॅल-४ नावाच्या प्रथिनाचे दोन भाग वेगळे करता येतात. एक भाग डीएनएला चिकटतो, दुसरा जनुक चालू करतो. दोन्ही जवळ आले तरच काम होतं. फील्ड्स आणि साँग यांनी १९८९ मध्ये याच गोष्टीवरून प्रथिनांच्या जोड्या शोधायची युक्ती काढली. आम्ही पहिल्या भागाला क्राय-२ जोडलाय, दुसऱ्याला सिब-१. निळा उजेड पडला, दोघांनी एकमेकांना धरलं, की गॅल-४ पुरा होतो आणि बीटा-गॅलॅक्टोसिडेझ नावाचं एन्झाइम बनायला लागतं. मग ओएनपीजी घालायचं, हे एन्झाइम ज्याला फोडतं ते रसायन. ते फुटलं की पिवळा रंग येतो, स्पेक्ट्रोवर (रंग किती गडद ते मोजणारं यंत्र) ४२० नॅनोमीटरला मोजायचा.

म्हणजे प्रश्न इतकाच: उजेडातली नळी पिवळी आणि अंधारातली पांढरी दिसते का?

५ मार्च

वसाहती आल्या. प्लेटवर सायीच्या रंगाचे टपोरे ठिपके. चौदा उचलल्या.

१३ मार्च

अंधारात काम कसं करायचं याची तयारी. क्राय-२ ला तांबडा उजेड दिसत नाही, म्हणून फोटोवाल्यांच्या जुन्या डार्करूमसारखा तांबडा दिवा लावून काम करता येतं. मी दुकानातून दोन आणले, एक रंग दिलेला झिरोचा बल्ब आणि एक तांबडा एलईडी. परभणीचा एक पोरगा एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी माझ्यासोबत आहे. त्यानं विचारलं, "ताई, हा तांबडा खरंच नुसता तांबडा आहे हे कशावरून?" चांगला प्रश्न होता. जुनी सीडी आणली. खोलीत पूर्ण अंधार करून दिव्याचं प्रतिबिंब सीडीच्या चकाकत्या बाजूवर तिरकं पाहिलं. एलईडीचा एकच तांबडा पट्टा उमटला. झिरोच्या बल्बचा तांबडा, मग नारिंगी, आणि नीट डोळा लावला तर कडेला हिरवट झाक, जिथे रंगाचा थर पातळ होता तिथून आलेली. झिरोचा बल्ब बाजूला ठेवला.

पंधरा मिनिटं आम्ही दोघं आळीपाळीनं सीडी वाकडी-तिकडी धरून बघत होतो. ते पट्टे दाखवायला मी वर्गातल्या पोरांनाही बोलावणार आहे.

२१ मार्च

पहिला पुरा प्रयोग. उजेडातल्या नळ्या पिवळ्या. अंधारातल्याही पिवळ्या.

आकडे: उजेड ४१ मिलर युनिट (त्या एन्झाइमचं काम मोजायचं माप), अंधार १९. तीन-तीन नळ्या, तिन्हींत हेच. जोडी चालते हे खरं. पण बंद करूनही निम्मं चालू राहणारं बटण काय कामाचं?

२८ मार्च

आठवडा कंट्रोलमध्ये, म्हणजे पडताळणीच्या प्रयोगांत गेला. क्राय-२ असलेला भाग एकटाच जनुक चालू करत असेल तर? सिब-१ एकटं करत असेल तर? दोन्ही वेगवेगळे, जोडीला रिकामं प्लाझ्मिड देऊन लावले. उजेडात काही नाही, अंधारात काही नाही. म्हणजे कोणी एकटं खोटं बोलत नाही, दोघं मिळूनच अंधारात एकमेकांना धरतात. किंवा अंधार हा अंधारच नाही.

मॅडम म्हणाल्या, "प्रथिनावर संशय घ्यायच्या आधी खोलीवर घे."

९ एप्रिल

पाडवा. लॅब बंद, पण यीस्टला पाडवा नसतो. सकाळी गुढी उभारून, पुरणपोळी खाऊन दुपारी येऊन प्लेटा बदलल्या.

१९ एप्रिल

उन्हाळ्याचा पहिला फटका. आमच्या शेकरला (नळ्या हलवत उबेत ठेवणारं यंत्र) नुसतं तापवता येतं, थंड करता येत नाही. दुपारी तीनला खोलीच ३८ वर, मग ३० वर लावलेला शेकर काय करणार? यीस्ट मलूल, ओडी (द्रवाचा गढूळपणा, त्यावरून यीस्ट किती वाढलं ते कळतं) वाढेना. एसी एकाच खोलीत आहे, उपकरणांच्या. विभागप्रमुखांना विचारून शेकर तिकडे हलवला. ती खोली पश्चिमेकडची आहे, मोठी खिडकी आहे, आणि शेकरचं झाकण पारदर्शक आहे. नळ्यांना फॉइल गुंडाळतोच, त्यामुळे चालेल असं वाटलं.

(ही ओळ महिन्यानं परत वाचतेय. तेव्हा चालेल असं का वाटलं, ते वरच्या २१ मार्चच्या आकड्यांत बघायला पाहिजे होतं. तोवर शेकर दुसऱ्या खोलीत असला तरी फॉइल हीच होती.)

३० एप्रिल

एसीच्या खोलीत यीस्ट छान वाढलं. अंधारातला आकडा १९ वरून २६ वर गेला.

८ मे. औसा तालुका

मतदानाला गावी आले. काल मतदान झालं, आज परतायचं होतं पण बाबांनी ठेवून घेतलं.

गावात सगळ्यांना सांगून ठेवलंय की पोरगी लाइटीवर काम करते. आपल्याकडे वीज म्हणजे लाइट, त्यामुळे शेजारच्या काकूंनी मीटर जास्त पळतंय ते बघ म्हणून घरी नेलं. बघितलं. फ्रिजचं रबर फाटलंय, ते बदला म्हटलं.

संध्याकाळी बाबा अंगणात ओल्या गोणपाटावर सोयाबीन मांडत होते. शंभर दाणे मोजून दहा-दहाच्या ओळीत, वरून दुसरं ओलं गोणपाट, आणि गुंडाळी करून सावलीत. सत्तरच्या वर उगवले तर घरचं बियाणं पेरायचं, नाहीतर विकत. दरवर्षीचं काम. मी ओळी लावायला बसले.

"तुझं काय अडलंय म्हणं?" बाबांनी विचारलं. मी सांगितलं, अंधार करायचाय आणि होत नाही.

ते थोडा वेळ दाणे लावत राहिले. मग म्हणाले, "तणाचं बी बघ की. मातीत किती वर्षं पडून असतंय. नांगरट केली, पहिला पाऊस झाला, की केना, गाजरगवत, सगळं उठून बसतंय. त्याला कुणी सांगितलं उठ म्हणून?"

मी हातातला दाणा तसाच धरून बसले. हे मी परीक्षेत लिहिलंय. नांगर फिरतो तेव्हा ढेकूळ उलटतं, बी क्षणभर उन्हात येतं आणि परत मातीखाली जातं. कित्येक तणांच्या बियांना तेवढाच उजेड पुरतो. ते काम फायटोक्रोमचं, वनस्पतीतल्या तांबडा उजेड ओळखणाऱ्या प्रथिनाचं. अमेरिकेच्या कृषी खात्यात बेल्ट्सव्हिलला बोर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये लेट्यूसच्या बियांवर दाखवलं की तांबडा उजेड दिला की बी उगवतं, त्यावर लगेच गडद तांबडा दिला की थांबतं, परत तांबडा दिला की उगवतं. कितीही वेळा आलटून-पालटून द्या, शेवटचा उजेड कोणता होता यावर सगळं ठरतं. त्या प्रयोगातूनच पुढे फायटोक्रोम हाती लागलं.

बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग रात्री नांगरलं तर तण कमी येतंय का?"

जर्मनीत असे प्रयोग झालेत, निकाल सगळीकडे सारखा आला नाही, इतकं मला ठाऊक होतं तेवढं सांगितलं. ते म्हणाले दोन सऱ्या करून बघू. ट्रॅक्टरचा दिवा लावायचा नाही मग, मी म्हटलं. "मग सरी सरळ कशी येणार?" इथं चर्चा थांबली.

पण माझ्या डोक्यात एक बसलं. आम्ही दर दोन तासांनी ओडी बघायला अंधारातल्या नळ्या बाहेर काढतो. स्पेक्ट्रोच्या खोलीत ट्यूबलाइट असते. दोन मिनिटांचं काम. क्राय-२ एकदा चेतलं की अंधारात निम्मं शांत व्हायला पाचेक मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात जे बीटा-गॅलॅक्टोसिडेझ बनतं ते टिकाऊ असतं, साठत जातं. नांगराच्या फाळासारखं दर दोन तासांनी आम्हीच ढेकूळ उलटतोय.

१५ मे

परत. ओडी मोजणं पूर्ण तांबड्या दिव्यात केलं, स्पेक्ट्रोच्या पडद्यावर तांबडा सेलोफेन लावून. अंधार: २६ वरून १७.

कमी झालं. पण संपलं नाही. बाबांच्या नांगरटीनं पुरं उत्तर दिलं असतं तर मला फार आनंद झाला असता.

१८ मे

एक नळी नेहमीसारखी फॉइल गुंडाळून, दुसरी फॉइलमध्ये आणि वरून पत्र्याच्या बिस्किटांच्या डब्यात, झाकण चिकटपट्टीनं बंद, डबा शेकरवरच बांधला. बाकी सगळं तेच.

डब्यातली: ४. फॉइलमधली: १७.

१९ मे, रविवार

फॉइल.

आम्ही फॉइल एकदा वापरून टाकत नाही. नळीवरून उतरवायची, टेबलावर नखानं सपाट करायची, ड्रॉवरमध्ये ठेवायची. लॅबमध्ये आले तेव्हा मला सीनियर ताईंनी असंच शिकवलं आणि मी पुढच्यांना असंच शिकवलं. आज अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च लावून त्यावर ड्रॉवरमधली एक फॉइल गुंडाळली. चाळण होती. जिथे जिथे घडी पडली होती त्या प्रत्येक रेषेवर बारीक भोकं, एकेका घडीवर दहा-बारा, आणि नळीच्या बुडाशी जिथे फॉइल पिळतो तिथे तर मोहरीच्या दाण्याएवढं एक. नवी कोरी फॉइल गुंडाळून बघितली, एकही नाही. तीच नवी फॉइल चार वेळा चुरगाळून सपाट केली, सात भोकं.

पश्चिमेची खिडकी, पारदर्शक झाकण, एप्रिल-मे मधलं चारपासून सातपर्यंतचं ऊन. शेकर फिरत असतो म्हणून प्रत्येक नळीला सगळ्या बाजूंनी मिळतं. अंधार १९ वरून २६ वर का गेला तेही कळलं.

ड्रॉवरमधली सगळी फॉइल टाकून दिली. आजपासून एक नियम: अंधारातल्या प्रयोगाला नवीच फॉइल, दोन थर, आणि वरून डबा. बाकी कामांना जुनी चालेल.

सगळ्यांना टॉर्च लावून दाखवलं. परभणीच्या पोरानं स्वतःचे मार्चमधले आकडे उघडून त्यावर तांबड्या पेननं "फॉइल" असं लिहिलं. वही फाडू नको, असंच ठेव म्हटलं.

२५ मे

रात्री अडीचला लाइट गेली, साडेचारला आली. जनरेटर फक्त डीप फ्रिजरला आहे. उजेडाच्या डब्यातली रात्रभराची नळी निम्म्यात अंधारात गेली, शेकरही थांबला. हा प्रयोग बाद. आर्डुइनो आणि पट्टी एका जुन्या यूपीएसवर घेतली. शेकर यूपीएसवर चालत नाही. आता सहा तासांचेच प्रयोग करायचे, पहाटे पाचला सुरू करून अकराला उचलायचे. ऊनही टळतं.

३ जून

पहाटेच्या वेळेनं आकडे एकमेकांजवळ आले. उजेड ४४, अंधार ३. तिसऱ्यांदा हेच. मॅडमनी वहीत तारखेखाली सही केली आणि "पुढे" एवढंच लिहिलं.

१२ जून

आज ज्या प्रश्नासाठी हे सगळं केलं त्याला हात घातला. पकड किती वेळ टिकते?

खरं तर हे सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं काम. क्राय-२ ला एक चमकणारं प्रथिन जोडायचं, सिब-१ पेशीच्या कडेला बांधायचं, आणि उजेड दिल्यावर चमक आतून कडेला धावते ती बघायची. त्यात एक खाच आहे, ती इथे लिहून ठेवते कारण नव्या माणसाला हमखास लागते. हिरवी चमक देणारं जीएफपी बघायला निळाच उजेड मारावा लागतो, आणि निळ्यानं तर क्राय-२ चेततं. म्हणजे बघायला गेलात की बटण दाबलं गेलंच. म्हणून क्राय-२ ला तांबडी चमक देणारं एमचेरी जोडतात आणि जीएफपी अगदी शेवटी बघतात. आमच्याकडे तसा सूक्ष्मदर्शक नाही. तर आम्ही दुसऱ्या वाटेनं.

दर तासाला एकूण पाचच मिनिटं उजेड, पण दोन प्रकारे. पहिला: दर दोन मिनिटांनी दहा सेकंद. दुसरा: तासाच्या सुरुवातीला सलग पाच मिनिटं, मग पंचावन्न मिनिटं अंधार. उजेडाचं माप तेच. तिसरा डबा सतत उजेडात.

पकड लगेच सुटत असेल तर पहिला आणि दुसरा सारखेच यायला हवेत. पकड तासन्‌तास टिकत असेल तर दोन्ही सतत उजेडाइतके यावेत. निम्मं सुटायला साडेपाच मिनिटं धरली, तर गणित असं सांगतं की थोडा-थोडा उजेड दिलेल्यात पकड नव्वद टक्के वेळ टिकावी, आणि एकदम दिलेल्यात तासाला जेमतेम तेरा मिनिटं, म्हणजे पाचव्या हिश्शाच्या आसपास.

हे गणित मी बसमध्ये तिकिटाच्या मागे केलं होतं. आज नीट उतरवलं.

१५ जून

निकाल. सतत: ४३. थोडा-थोडा: ३९. एकदम: १४.

किती छान! पाच मिनिटांचा तोच उजेड, पण शिंपडला तर ३९ आणि ओतला तर १४. पेशीनं उजेडाचं माप मोजलं नाही, वेळ मोजली. तीन वेळा केलं, तीनही वेळा हाच क्रम.

१४ हा आकडा मात्र गणितापेक्षा जास्त आहे. पाचवा हिस्सा यायला हवा होता, आला तिसरा. माझा अंदाज असा की निम्मं सुटण्याचा तो वेळ माणसाच्या पेशींतला, जास्त तापमानावरचा आहे. ३० अंशांवर सुटका सावकाश होत असणार. मॅडमचं म्हणणं वेगळं: जनुक एकदा चालू झालं की आरएनए काही मिनिटं राहतो, त्याच्यावर प्रथिन बनत राहतं, त्यामुळे शेपटी लांबते. दोन्ही खरं असू शकतं. वेगळं करायचं असेल तर तापमान बदलून बघावं लागेल.

व्यवहारात याचा अर्थ मोठा आहे. निळा उजेड सतत दिला तर पेशींना त्रास होतो, वाढ मंदावते. दर दोन मिनिटांनी दहा सेकंद दिला तर बाराव्या हिश्शाच्या उजेडात जवळजवळ पुरं काम होतं. पट्टी तापत नाही. यूपीएस टिकतो.

बाबांचा फोन. पाऊस झाला, वाफसा आला की पेरणी. घरचं बियाणं ८१ उगवलं होतं, तेच टाकणार.

२८ जून

प्लेटवर उजेडाचं चित्र. नळीऐवजी प्लेटवर यीस्टचा सपाट थर, त्यात एक्स-गॅल (तेच एन्झाइम फोडतं तेव्हा निळं होणारं रसायन), वरून काळ्या कार्डशीटमध्ये कापलेला आकार. पहिल्या वेळी काहीच उमटलं नाही, कारण यीस्टचा मीडिया आंबट असतो आणि एक्स-गॅलला निळं व्हायला पीएच सातजवळ लागतो. फॉस्फेट घालून परत.

यावेळी आलं. परभणीच्या पोरानं सोयाबीनचं तीन पानांचं पान कापलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी झाकण उघडलं तर सायीच्या थरावर निळसर तीन पानं. कडा धूसर, कारण उजेड आगारमध्ये पसरतो. देठ तर पारच विरलेला. मधलं पान मात्र टोकापर्यंत आलंय, आणि त्याच्या उजव्या कडेला कात्री घसरली होती तिथली खाचही दिसते.

सोयाबीनचं पान निवडलं ते त्यानं नुसतं गावाकडची आठवण म्हणून. पण सोयाबीनमध्येही हीच जोडी आहे. तिथला क्रिप्टोक्रोम आणि तिथलं सिब-१ निळ्या उजेडात एकमेकांना धरतात आणि पानं पिवळी कधी पडायची यात त्यांचा हात असतो, हे २०१३ मध्ये चीनमधल्या गटानं दाखवलंय. म्हणजे आम्ही यीस्टमध्ये बसवलेलं बटण बाबांच्या शेतात आत्ता, या घडीला, प्रत्येक रोपात चालू-बंद होतंय. हे त्याला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ त्या प्लेटकडे बघत बसला.

प्लेटचा फोटो काढून बाबांना पाठवला. उत्तर आलं: "छान. आपलं बी उतरलंय, दोन पानं झाली."

४ जुलै

आता दुसरं बटण. क्राय-२ बंद करायला अंधाराची वाट बघावी लागते, मिनिटं जातात. फायटोक्रोम-बी ला वाट बघावी लागत नाही. ६५० नॅनोमीटरच्या तांबड्या उजेडात ते पिफ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला धरतं आणि ७५० च्या गडद तांबड्यानं काही सेकंदांत सोडतं. यीस्टमध्ये जनुक चालू-बंद करायला हे पहिल्यांदा वापरलं ते पीटर क्वेल यांच्या गटानं, २००२ मध्ये. २००९ मध्ये अँसेल्म लेव्स्काया आणि सहकाऱ्यांनी त्याच जोडीनं सस्तन प्राण्यांच्या पेशीत प्रथिनं कडेला ओढून दाखवली. चालू करायलाही उजेड, बंद करायलाही उजेड. फॉइलवर जीव टांगायचं काम जरा कमी.

अडचण रंगद्रव्याची. फायटोक्रोमला जे लागतं ते यीस्टमध्ये नसतं, बाहेरून घालावं लागतं. वनस्पतीतलं मिळवणं अवघड, पण त्याचा जवळचा भाऊ फायकोसायनोबिलिन चालतो, आणि तो स्पिरुलिनामध्ये भरपूर असतो. तयार विकत घ्यायला आमचं वर्षाचं बजेट लागेल. स्पिरुलिनाची पावडर मेडिकलवर मिळते.

८ जुलै

पन्नास ग्रॅम पावडर, तांबड्या नाही तर हिरव्या दिव्यात, कारण हे रंगद्रव्य तांबडा उजेड खातं. सगळी सवय उलटी करावी लागतेय. मार्चपासून हात तांबड्या दिव्याकडे जातो, आज दोनदा गेला आणि दोनदा पोरानं धरला.

आधी मिथेनॉलनं धुऊन हरितद्रव्य काढायचं. सेंट्रिफ्यूज, वरचं ओतून टाकायचं, परत मिथेनॉल. वरचं पाणी रंगहीन झालं की खाली राहतो तो निळा गाळ, मग तो गरम मिथेनॉलमध्ये रात्रभर उकळत ठेवायचा म्हणजे रंगद्रव्य प्रथिनापासून सुटतं. पहिल्या धुण्यात काळपट हिरवं आलं, दुसऱ्यात गवती, तिसऱ्यात पोपटी. खालच्या गाळाला कडेनं निळी छटा यायला लागलीय.

चौथ्या धुण्यानंतरही वरचं फिकट हिरवंच आहे. डबा डबल फॉइलमध्ये, नव्या, फ्रिजमध्ये ठेवला. उद्या पाचवं धुणं.